होडीत राहिलेला जब्दी

मराठवाड्यातील माणसाने 'सागर' हा शब्द जरा जपूनच वापरावा. आमच्याकडे पाणी हंड्यांनी, टँकरांनी आणि नळाला किती दिवसांनी आले या हिशेबाने मोजले जाते. तरीही पैठणजवळ गोदावरी अडवून जो जलाशय निर्माण झाला त्याला संत एकनाथांच्या नावाने 'नाथसागर' म्हटले गेले. आणि आश्विन महिन्यात तो काठोकाठ भरलेला असताना ज्याने पाहिला आहे त्याला त्या नावात अतिशयोक्ती आढळणार नाही. पैलतीर दिसत नाही. वाऱ्याच्या दिवशी लाटा धरणाच्या दगडांवर आपटून फेसाळतात, आणि दूरवर पाणी कोठे संपले व आकाश कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही.

ख्रिस्तमंदिरात शुभवर्तमान ऐकताना गालीलच्या 'समुद्रा'चे जे चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राही ते मात्र मुंबईच्या किनाऱ्यावरून उसने आणलेले होते. खारे वारे, भरती-ओहोटी, माडांच्या रांगा, आणि त्यात कोठेतरी संत पेत्राची होडी. वस्तुतः गालीलचा समुद्र हे गोड्या पाण्याचे सरोवर. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी फार तर १३, आणि क्षेत्रफळ १६६ चौरस किलोमीटरच्या आसपास. नाथसागर पूर्ण भरला म्हणजे त्याचे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. त्याची लांबी ५५ किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे ज्या पाण्यावर आपला प्रभू चालला त्याच्या दुपटीहून मोठे पाणी आमच्या शहरापासून ५० किलोमीटरवर आहे. चारही शुभवर्तमानकारांत संत लूक तेवढा गनेसरेतला नेमाने सरोवरच म्हणतो. पौलाबरोबर खऱ्या समुद्रावरून त्याने प्रवास केला होता. त्याला दोहोंतील फरक ठाऊक असणारच.

आमच्या पूर्वजांचे तर पाण्याशी नाते याहूनही दूरचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावच्या परिसरात संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संस्थेचे फ्रेंच धर्मगुरू आले, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेल्या श्रोत्यांनी पेरणाऱ्याचा दाखला तत्काळ ओळखला असेल, मेंढपाळाचाही ओळखला असेल. पण सरोवरात टाकलेल्या जाळ्याचा दाखला त्यांच्या पदरी कितपत पडला असेल, याची आम्हाला शंका आहे. मासा म्हणजे आठवडी बाजारातील सुकट आणि बोंबील. ताजा मासा मिळालाच तर गोदावरीच्या एखाद्या डोहातला, तोही पावसाळ्याच्या आगेमागे. आता मात्र परिस्थिती पालटली आहे. शुक्रवारी आमच्या घरांत जो रोहू किंवा कटला शिजतो तो बहुधा नाथसागराचा असतो, आणि तो कोण पकडतो, कसा पकडतो, हे जाणून घ्यावे असे फार दिवस मनात होते. त्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत आम्ही शरदाच्या दिवसांत तिकडे वारंवार जाऊन आलो.

ज्याला आपण निसर्गरम्य सरोवर म्हणतो ते मुळात एक सरकारी बांधकाम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी त्याची कोनशिला बसवली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. 'जायकवाडी' हे नाव बीड जिल्ह्यातील एका खेड्याचे. धरणाची पहिली आखणी तिकडची होती. पुढे जागा बदलून पैठणची ठरली, नाव मात्र चिकटून राहिले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत उभी राहिली आणि तिच्यामागे शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना त्यानंतर लगेच, १९७७ साली झाली. तेव्हा आमचा धर्मप्रांत आणि आमचे सरोवर ही जवळजवळ एकाच वयाची भावंडे आहेत.

शरदाचे दिवस निवडण्याला कारण आहे. नाथसागर मराठवाड्याच्या पावसाने भरत नाही. तो नाशिककडच्या घाटमाथ्यावरील पावसाने भरतो. श्रावणात येणारे पाणी तांबडे, गढूळ, झाडांचे ओंडके आणि जलपर्णी घेऊन येणारे असते. त्या पाण्यात मासेमारी जवळजवळ थांबते. तो माशांच्या विणीचा काळ, आणि जाळी त्या लोंढ्यात टिकतही नाहीत. भाद्रपद सरता सरता पाणी निवळू लागते. गाळ तळाशी बसतो, रंग तांबड्याचा हिरवा आणि हिरव्याचा निळा होतो. विणीनंतर रोडावलेला मासा पुन्हा अंगावर येतो. दुपारी ऑक्टोबरचे ऊन डोके तापवते, पण पहाटे पाण्यावरून येणारा वारा अंगावर काटा आणतो, आणि मार्गशीर्षाची थंडी पडेपर्यंत हा हंगाम चालतो.

काठावर मासेमारी करणारे मुख्यतः भोई आणि कहार समाजाचे लोक. धरणापूर्वी यांचे वाडवडील पैठणच्या नदीवर नाव चालवीत, डोहात मासे धरीत. त्याहीपूर्वी पालख्या वाहत. धरणाने नदीचे डोह बुडवले आणि बदल्यात एक समुद्र दिला. सहकारी मत्स्यव्यवसाय संस्थांचे सभासद होऊन ही मंडळी त्यावर जगू लागली. होड्या लहान, कित्येकांकडे तर तेवढीही ऐपत नसते, ते थर्मोकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून वल्ह्याने पाणी मारीत जातात. एवढ्या पाण्यात त्या तराफ्यावरील माणूस पाहिला की वादळात घाबरलेल्या शिष्यांवर आपण वेदीवरून किती सहज टीका करतो, असे वाटून जाते.

जाळे संध्याकाळी लावायचे आणि पहाटे काढायचे. नायलॉनच्या किंवा तंगुसाच्या बारीक धाग्याचे जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे राहते. वरच्या दोरीला थर्मोकोलचे किंवा रिकाम्या बाटल्यांचे तरंगक, खालच्या दोरीला वजने. मासा अंधारात पुढे येतो, त्याचे डोके जाळ्याच्या आसातून पार होते, धड होत नाही, आणि मागे वळू पाहताच धागा कल्ल्यांत रुततो. आस किती बोटांचा यावर कोणता मासा आणि केवढा, हे ठरते. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून जाळे किती खोल सोडायचे याचाही हिशेब असतो. मरळ आणि वाम यांची गोष्ट निराळी. मरळ काठच्या गवतात दडते आणि गळाला लागते. वाम दगडाच्या सांदीत असते. शिंगाळ्याच्या काट्याने बोट फाटले तर दोन दिवस ठणकते.

हे सारे आम्हाला काठावरच्या एका गावातील वयस्क भोई गृहस्थांनी समजावून सांगितले. त्यांना सगळे मामा म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. आमचा पहिला प्रश्न नवख्या माणसाचाच होता: कोजागिरीच्या रात्री केवढी मौज येत असेल! मामा हसले. "सर, चांदनं तुमाला. आमाला काळोख बरा. चांदन्यात माशाला जाळं दिसतं." शरदाच्या ज्या चांदण्यावर मराठी साहित्याने एवढी शाई खर्च केली, ते चांदणे जाळे टाकणाऱ्याचे वैरी आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

गनेसरेतच्या कोळ्यांनाही हेच ठाऊक होते. त्यांची जाळी तागाच्या जातीच्या जवसाच्या धाग्याची, जाड आणि पांढरट. दिवसा माशांना ती स्पष्ट दिसत. म्हणून ते रात्री पाण्यावर जात आणि सकाळी काठाला येऊन जाळी धूत, कारण तो धागा ओला व घाणेरडा राहिला तर कुजे. प्रभू सिमोनाच्या होडीत बसला तेव्हा कोळी जाळीच धूत होते, असे संत लूक लिहितो. म्हणजे दिवसाचे काम आटोपले होते. रात्रभर श्रम करून हाती काही लागले नव्हते, जाळी धुवून झाली होती, सूर्य वर आला होता, आणि एक सुतार सांगतो आहे की खोल पाण्यात पुन्हा जाळी टाका. हा प्रसंग आम्ही अनेकदा ऐकला होता, पण सिमोनाने केवढी अवघड गोष्ट ऐकली हे मामांपाशी बसल्याशिवाय उमगले नसते. भर दिवसा जाळे टाकायला सांगणाऱ्याला मामांनी काय उत्तर दिले असते, ते या नियतकालिकात छापता येणार नाही.

आम्ही पोहोचलो त्या एका पहाटे तराफे काठाला लागले होते. मिळकत बेताची होती: काही रोहू, दोन मोठे कटले, बरेचसे सायप्रिनस आणि टोपलीभर चिलापी. मासे सोडवण्याचे काम चालले होते. जाळ्यातून मासा काढणे हे टाकण्याहून किचकट; घाई केली तर धागा तुटतो. त्यानंतर वाटे पडले. होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक, आणि प्रत्येक माणसाचा एक. मोजणी सर्वांसमक्ष, मोठ्याने.

ती मोजणी ऐकताना आमच्या मनात संत योहानाच्या शेवटच्या अध्यायातील १५३ मासे आले. या आकड्याने विद्वानांना शतकानुशतके झुलवले आहे. संत जेरोम यांच्यापासून अनेकांनी त्यात गूढार्थ शोधले. ते असतीलही. पण आम्हाला त्या काठावर वाटले की ते मासे मोजले गेले कारण मासे नेहमी मोजलेच जातात. वाटणी करायची असते. तिबिर्याच्या काठी त्या सकाळी शिष्य सात होते. प्रत्येकी २१ वाटले तर सहा उरतात. ते सहा होडीचे की जाळ्याचे, की निखाऱ्यांवर भाजण्यासाठी प्रभूने मागवलेले, हा हिशेब आम्ही अभ्यासू वाचकांवर सोपवतो.

टोपलीतल्या चिलापीविषयी थोडे विषयांतर करावेसे वाटते. हा मासा मूळचा आफ्रिकेचा, भारतात तो १९५२ साली आणला गेला. तो कोठेही वाढतो, कोणत्याही पाण्यात तगतो आणि स्थानिक माशांच्या अन्नात वाटा मागतो, म्हणून मत्स्यतज्ज्ञ त्याच्यावर रुष्ट आहेत. मादी अंडी तोंडात धरून उबवते; पिले बाहेर पडली तरी धोका दिसताच आईच्या तोंडात परततात. आमच्या बाजारात त्याला मान नाही; परवडत नाही तेव्हा लोक चिलापी घेतात. आणि गंमत अशी, की गालीलच्या काठच्या उपाहारगृहांत यात्रेकरूंना मोठ्या भक्तिभावाने 'संत पेत्राचा मासा' म्हणून जो वाढला जातो तो या चिलापीचाच भाऊबंद! तिकडे त्याला मुश्त म्हणतात. शरद संपून पाणी गार झाले की मुश्त माशांचे थवे तब्गा येथील कोमट झऱ्यांच्या आश्रयाला येतात, आणि पेत्राला पाचारण झाले ती जागा परंपरेने तेथेच दाखवली जाते. ज्या माशाच्या तोंडात पेत्राला मंदिराच्या करासाठी नाणे मिळाले तो मात्र हा नसावा, असे जाणकार म्हणतात. मुश्त सूक्ष्म वनस्पती खाणारा, तो गळाला सहसा लागत नाही. आणि प्रभूने पेत्राला त्या दिवशी गळ टाकायला सांगितले होते.

वसईकडून आमच्या धर्मप्रांतात येणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी या साऱ्याच गोड्या पाण्याच्या माशांकडे जरा उपेक्षेने पाहतात. पापलेट आणि बांगड्यावर वाढलेल्या जिभेला रोहू मातकट लागतो. ती तक्रार अगदीच खोटी नाही. आमच्याकडील गृहिणी मीठ-हळद चोळून, चिंचेच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून तो वास घालवतात, आणि खोबरे-तिळाच्या काळ्या मसाल्यात रस्सा करतात. दोन वर्षे काढली की वसईची मंडळीही दुसऱ्यांदा वाढून घेतात, असा अनुभव आहे.

रोहू, कटला आणि मृगळ यांना विणीसाठी वाहते पाणी लागते. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालायला पुराच्या वाहत्या प्रवाहाकडे, वरच्या अंगाला, कायगाव टोक्याच्या बाजूला निघतात. धरणांची साखळी झाल्यावर त्या वाटा आखूड झाल्या. म्हणून जलाशयात बोटाएवढी पिले, ज्यांना बोटुकली म्हणतात, ती आणून सोडावी लागतात. हे शक्य झाले ते डॉ. हिरालाल चौधुरी यांच्यामुळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात त्यांनी माशाच्या मस्तकातील पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली. आज देशभर जी कोट्यवधी बोटुकली निपजतात त्यांच्यामागे त्या एका दिवसाचे यश आहे. मामांना डॉक्टरांचे नाव ठाऊक नव्हते, पण बोटुकली किती सोडली आणि किती जगली याविषयी त्यांची मते ठाम होती. बारीक आसाची जाळी लावून पावशेराचे पिल्लू ओढणाऱ्यांना त्यांनी आमच्यासमोर सणसणीत शिव्या दिल्या. त्यांत आपल्या पुतण्याचाही समावेश त्यांनी केला.

शरदात मासा चांगला मिळतो, भाव मात्र मिळत नाही, हे या व्यवसायाचे एक विचित्र दुखणे. श्रावण सरतो न सरतो तोच पितृपक्ष येतो, मग नवरात्राचे नऊ दिवस. आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरांत तेव्हा मासे-मटण वर्ज्य असते. त्या दिवसांत काठावरचा माल शहरातील मुसलमान मोहल्ल्यांत आणि थोडाफार आमच्या वस्त्यांत खपतो. उरलेला बर्फात घालून बाहेरगावी जातो. ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. संध्याकाळी घरोघरी जपमाळ होते आणि शुक्रवारी रात्री माशाचा रस्सा. दसरा झाला की भाव चढतो आणि तो आमच्या आवाक्यातून सुटतो. कोणाच्या उपवासामुळे कोणाला स्वस्त मासा मिळतो, याचा विचार आम्ही जेवताना क्वचितच करतो.

आता जब्दीविषयी.

याकोब आणि योहान यांना प्रभूने हाक मारली तेव्हा ते होडीत बसून वडिलांबरोबर जाळी नीट करीत होते. ते लगेच उठले आणि त्याच्यामागे गेले. संत मार्क एक बारीक तपशील देतो: त्यांनी आपला बाप जब्दी याला मजुरांबरोबर होडीत सोडले. या प्रसंगावर आम्ही असंख्य प्रवचने ऐकली. पाचारण, त्याग, तत्काळ आज्ञापालन. आमच्याच नात्यातील मुले-मुली गुरुमठात आणि धर्मभगिनींच्या मठात गेली तेव्हाही याच वचनांचे वाचन झाले. परंतु होडीत राहिलेल्या त्या म्हाताऱ्याविषयी एक प्रवचन ऐकल्याचे आम्हाला स्मरत नाही. त्याची पत्नी पुढे एकदा येते, मुलांसाठी उजवी-डावी जागा मागते, आणि थेट क्रुसाजवळ दिसते. याकोबाचा हेरोदाने तलवारीने वध केला. योहानाचे नाव आपण रोज घेतो. जब्दी मात्र त्या सकाळनंतर मुलांच्या नावाआधी लावलेल्या बापाच्या नावापुरता उरतो.

नाथसागराच्या काठी आम्हाला जब्दी भेटत गेले. मामांची दोन मुले वाळूजच्या कारखान्यांत आहेत, एक कंत्राटी, एक कायम होण्याच्या आशेवर. तिसरा पिकअप गाडी चालवतो. जाळे विणायला त्यांतील एकालाच येते. येशूच्या हाकेने नव्हे, पाण्याच्या बेभरवशामुळे ती गेली. ज्या वर्षी नाशिककडे पाऊस कमी, त्या वर्षी नाथसागर भरत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात तो मृतसाठ्याखाली गेला. चिखलात तराफे पडून राहिले आणि कित्येक वर्षांनी बुडालेल्या गावांच्या भिंती आणि देवळे उघडी पडली. अशा वेळी काठचे शेतकरी उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेरा करतात. त्यांना तेवढा तरी आधार. ज्याच्या हाती फक्त जाळे आहे त्याने काय पेरावे?

गनेसरेतही एकदा असाच आटला होता. १९८६ साली दुष्काळाने पाणी मागे हटले तेव्हा गिनोसर येथील दोघा मासेमार भावांना चिखलात एक होडी सापडली, ख्रिस्ताच्या काळाच्या आसपासची. आठ मीटरांहून थोडी लांब, जुन्या होड्यांच्या फळ्या आणि हाती लागेल ते लाकूड ठोकून पुनःपुन्हा दुरुस्त केलेली. ती कोणाची हे सांगता येत नाही. मालक श्रीमंत नव्हता, एवढे ते लाकूड सांगते. आम्ही त्या होडीचे छायाचित्र मामांना दाखवले. त्यांनी फळ्यांचे जोड निरखून पाहिले आणि सुतार बरा होता असा अभिप्राय दिला.

आपल्याकडे पाण्याच्या वाटणीसाठी १५ ऑक्टोबर ही तारीख ठरली आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले; २०१३ च्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाने त्याची कोष्टके दिली. त्या दिवशी जायकवाडीतील उपयुक्त साठा ठरावीक प्रमाणाहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असा तो दंडक. २०२३ साली त्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात बराच वाद झाला आणि अखेर नोव्हेंबरात पाणी सुटले. या वादात शेतकरी बोलतात, कारखाने बोलतात, शहरे बोलतात. माशाच्या वाटणीचे पाणी कोणी मागितल्याचे आम्ही वाचलेले नाही.

आणि पाणी असले तरी ते उघडे राहील काय, हा प्रश्न आता नवा आला आहे. जलाशयावर तरंगती सौर तावदाने बसवून वीज निर्माण करण्याचा मोठा प्रकल्प प्रस्तावित आहे. विजेची गरज खरी आहे, आणि कोळशाहून सूर्य बरा, यावर आमचा विश्वास आहे. पण जेथे तावदाने तेथे जाळे नाही, हेही तितकेच खरे. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. शरद सरता सरता उत्तरेकडून बदके आणि करकोचे उतरतात, रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात उभे राहतात. पर्यावरणाच्या मुद्द्यावर कहार समाज पंच समिती राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०२४ मध्ये लवादाने आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले नाही. विकासाच्या कामाला दर वेळी आडवे जाता येणार नाही, हा युक्तिवाद आम्हाला समजतो. केवळ एवढेच वाटते की या लोकांच्या आजोबांना नदी सोडून सरोवरावर जा म्हणून एकदा सांगितले गेले होते, आणि ते निमूट गेले होते.

गेल्या ऑक्टोबरात शेवटचे गेलो तेव्हा मामा चिंचेखाली जाळे सांधत बसले होते. डाव्या पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवलेली, हातात विणायची सुई, तोंडात धागा. पाण्याखालच्या कोठल्याशा विहिरीच्या काठड्याला अडकून जाळे फाटले होते. ती विहीर कोणत्या गावाची, तिचा मालक कोण, हे त्यांनी नावानिशी सांगितले. ते गाव आम्ही कोणी पाहिलेले नव्हते. बोलता बोलता आम्ही त्यांना जब्दीची गोष्ट सांगितली. अशीच होडी, असेच फाटके जाळे, दोन मुले, आणि काठावरून आलेली हाक.

मामांनी सुई थांबवली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग त्या बापाचं पुढं काय झालं?"

शास्त्रात त्याविषयी काही लिहिलेले नाही, असे आम्ही सांगितले.

"मजूर व्हते म्हन्ता ना संगं?"

"होते."

"मंग गेला आसंल रातच्याला पान्यावर," असे म्हणून त्यांनी दाताने धागा तोडला आणि आमच्यासाठी बाजूला ठेवलेला रोहू तोलायला नातवाला हाक मारली.